बालगृहातून १८ पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना अनुरक्षण गृहात (१८ नंतर आधार देणाऱ्या निवासात) किंवा गटनिवासात (काही जणींनी मिळून राहायच्या लहान घरात) पाठवायचे आहे. त्यासाठी संदर्भ पत्र आणि अर्ज कसा करायचा?

तगर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. स्वयंसेवी संस्थेच्या मुलींच्या बालगृहातल्या केसवर्करच्या कामासाठी विचारते आहे. तीन मुलींना येत्या १ जूनला १८ पूर्ण होतात. एक बारावीची परीक्षा देते आहे, आई-वडील दोघेही नाहीत, नर्सिंगला जायचे म्हणते. दुसरीला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. आई आहे, पण ती स्वतःच दुसऱ्याच्या आधाराने राहते. तिसरीची पॉक्सोची (बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची) केस अजून कोर्टात आहे आणि आरोपीचे घर तिच्याच वस्तीत.

बालगृहातून सहसा जाणारे पत्र एका परिच्छेदाचे असते: "सदर मुलगी शांत व आज्ञाधारक असून तिला आपल्या संस्थेत प्रवेश द्यावा ही विनंती." त्याला एकतर उत्तर येत नाही, किंवा महिन्याभरात "आम्हाला जमत नाही" असा फोन येतो.

अर्ज कुणाकडे आणि किती आधी करायचा, पत्रात काय लिहायचे, अनुरक्षणासाठी मिळणाऱ्या महिन्याच्या ४,००० रुपयांचे काय, आणि तिघींसाठी जागा कोणत्या, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_परिवीक्षा_अधिकारी

ताई, आधी कायद्याची चौकट सांगतो, कारण तारखा तिथूनच ठरतात. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये अनुरक्षणाची व्याख्या आहे: १८ पूर्ण, २१ अपूर्ण, आणि संस्थात्मक देखरेखीतून बाहेर पडलेल्या व्यक्तीला दिलेला आर्थिक किंवा इतर आधार. कलम ४६ मध्ये आर्थिक साहाय्य आहे. प्रत्यक्ष कामाला लागतो तो २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम २५. त्यात म्हटले आहे की संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिवीक्षा अधिकारी, बाल कल्याण अधिकारी, केसवर्कर किंवा सामाजिक कार्यकर्त्याने पुढचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा आणि अनुरक्षणाची शिफारस करायची. समिती नमुना ३७ मध्ये आदेश देते. तो २१ पर्यंत चालतो, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे.

म्हणजे तुमच्या तिघींचा आराखडा १ एप्रिलच्या आत समितीच्या टेबलावर हवा. पण दोन महिने ही शेवटची मुदत आहे, कामाला तेव्हा सुरुवात करायची नसते. मुलगी १६ ची झाली की तिच्या वैयक्तिक संगोपन आराखड्यात (नमुना ७) "१८ नंतर कुठे" हा रकाना भरायला घ्या आणि दर फेरआढाव्याला तो पुढे न्या. शेवटच्या दोन महिन्यांत जागा शोधायला लागलो की जी रिकामी असेल ती मिळते, मुलीला योग्य असेल ती मिळत नाही.

१ जून या तारखेबद्दल. आपल्याकडे जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलांची शाळेत १ जून लागते, त्यामुळे एकाच दिवशी चार-पाच जणींना १८ पूर्ण होतात. बारावीचा निकाल नुकता लागलेला असतो, कॉलेजचे प्रवेश व्हायचे असतात, वसतिगृहांच्या याद्या त्याहूनही नंतर लागतात. या मधल्या पोकळीत मुलगी कुठे राहणार, हे आराखड्यात तारखांसह लिहा. "१ जून ते वसतिगृह मिळेपर्यंत अमुक ठिकाणी" असे स्पष्ट वाक्य असले की समिती आदेश त्याप्रमाणे देऊ शकते. नुसते "अनुरक्षणाची शिफारस" लिहिले तर आदेशही तसाच मोघम निघतो.

दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या जन्मतारखा असतील तर आत्ताच निस्तरा. कलम ९४ चा क्रम असा: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, म्हणून कुठली तारीख कायम धरायची हे ठरवल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका.

जागांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मागा. अनुरक्षण देऊ इच्छिणाऱ्या संस्था आणि व्यक्तींची यादी ठेवून ती समितीला आणि प्रत्येक बालगृहाला पाठवणे हे कक्षाचे काम आहे, नियमातच लिहिले आहे. यादी जुनी निघाली तर लेखी विचारा. शेजारच्या जिल्ह्यांच्या याद्याही मागवा.

सुरंगी

गटनिवासाच्या बाजूने लिहिते. नियमांत तात्पुरत्या गटनिवासाची कल्पना ६ ते ८ जणांची आहे. एवढ्या लहान घरात एक चुकीचा प्रवेश झाला तर सात जणींची घडी विस्कटते, म्हणून "शांत व आज्ञाधारक" वाचून कुणी हो म्हणत नाही. नकार मुलीला नसतो. पत्रातून काहीच कळत नाही, त्याला असतो.

पत्र दोन पानांचे करा. पहिल्या पानावर ती रोजचे काय काय स्वतः करते ते. स्वयंपाकात नेमके काय येते: कुकर लावते का, गॅस बंद केल्याची खात्री करते का, एकटीने बाजारातून १०० रुपयांची भाजी आणून हिशेब देते का. एसटीने किंवा लोकलने एकटी जाते का, की सोबत लागते. पाळीच्या दिवसांत स्वतःचे सगळे पाहते का. औषध स्वतः आठवणीने घेते का. फोनवर अनोळखी माणसाने ओटीपी मागितला तर काय करते. "स्वावलंबी आहे" या दोन शब्दांतून यातले एकही कळत नाही.

दुसऱ्या पानावर जोखीम, आणि इथेच बहुतेक पत्रे फसतात. लपवले तर मुलगी परत येते. मोघम लिहिले तर घेतच नाहीत. "वर्तन समस्या आहे, राग येतो" असे लिहू नका. असे लिहा: "रात्री दाराला बाहेरून कडी लावली की घाबरते आणि दार बडवते. दार आतून बंद करता येईल आणि कडी तिच्या हातात राहील अशी खोली दिली की झोपते. गेल्या सहा महिन्यांत असे दोनदा झाले, दोन्ही वेळा वीज गेलेली होती." हे वाचून घर चालवणारी बाई कडी बघते, बॅटरी आणून ठेवते आणि हो म्हणते. प्रत्येक जोखमीपुढे चार गोष्टी हव्यात: काय होते, कशाने होते, शेवटचे कधी झाले, आणि काय केले की निवळते. स्वतःला इजा करून घेण्याचा इतिहास असेल तर तो तारखेसह लिहा आणि सध्या कोणत्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत तेही.

पत्रावर मुलीची सही हवी, आणि सहीआधी ते तिला वाचून दाखवलेले हवे. १८ नंतर ती सज्ञान आहे. तिला नको असलेल्या ठिकाणी तिला ठेवता येत नाही, आणि तिच्याबद्दलची माहिती तिच्या संमतीशिवाय फिरवता येत नाही. वाचताना बऱ्याच मुली स्वतःच दुरुस्त्या सुचवतात, आणि त्या दुरुस्त्या घर चालवणाऱ्यांच्या फार उपयोगी पडतात.

मग भेट. पहिल्यांदा दिवसभर, जेवणाच्या वेळेला धरून. दुसऱ्यांदा दोन रात्री मुक्काम. त्यानंतर दोन्हीकडून हो किंवा नाही, आणि "नाही" म्हणायची मोकळीक मुलीलाही. परीक्षेच्या आठवड्यात हे ठेवू नका. आधीपासून राहणाऱ्या मुलींना येणारीबद्दल किती सांगायचे हे तिलाच ठरवू द्या.

सामानाची यादीही पत्रासोबत पाठवा, कारण बालगृहातून निघताना बहुतेक वस्तू संस्थेच्या असतात आणि तिथेच राहतात. गादी, दोन चादरी, ताट-वाटी-पेला, बादली, मग, टॉर्च, कपाटाचे कुलूप. कुलपाच्या दोन्ही चाव्या तिच्याकडे. वर्षानुवर्षे सामायिक फळीवर कपडे ठेवलेल्या मुलीला स्वतःचे कुलूप फार मोठी गोष्ट असते. औषध चालू असेल तर ३० दिवसांचा साठा आणि मूळ चिठ्ठी बरोबर द्या. नव्या गावात सरकारी मानसोपचार ओपीडीचा नंबर लागेपर्यंत औषध खंडित होते आणि मग सगळे "ती बदलली" म्हणू लागतात.

वडाचा_पार

एक साधा प्रश्न. मामा, मावशी असे कुणी असेल तर आधी तिथे का पाठवत नाहीत? शेवटी घर ते घर. आणि मुलगी १८ ची झाली की चांगले स्थळ आले तर संस्थाच लग्न लावून देतात, त्यातही संसार होतोच.

जुना_परिवीक्षा_अधिकारी

नातेवाईक असतील तर जरूर पाहायचे, पण गृहभेटीनंतर. ज्या कारणाने मूल संस्थेत आले ते कारण त्या घरात अजून आहे का, घरात झोपायची जागा किती, कमावणारे कोण, मुलीच्या शिक्षणाबद्दल त्यांचे म्हणणे काय, हे त्या घरी जाऊन पाहून सामाजिक तपासणी अहवालात लिहायचे. लहानपणी एकदाही भेटायला न आलेले नातेवाईक १७ व्या वर्षी अचानक न्यायला आले तर अधिक बारकाईने पाहायचे. घरकामाला किंवा ऊसतोडीला हात हवा असतो, किंवा स्थळ ठरवून ठेवलेले असते.

लग्नाबद्दल मी ठाम आहे. लग्न म्हणजे निवासाची सोय नव्हे. जिला जायला दुसरी जागाच नाही तिच्या "हो" ला संमती म्हणता येत नाही. आधी राहायची जागा, हातात कागद, खात्यात पैसे. मग तिला वाटेल तेव्हा, वाटेल त्याच्याशी.

टपालपेटी

कागद आणि पैशांविषयी.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत आणि ते थेट व्यक्तीच्या खात्यात जायला हवेत. अडते ते खात्यावर. बालगृहात काढलेले खाते अज्ञान व्यक्तीचे, बहुतेकदा अधीक्षकांच्या सहीने चालणारे. १८ पूर्ण झाले की बँक नवी केवायसी आणि मुलीची स्वतःची सही घेईपर्यंत व्यवहार थांबवते. म्हणून १८ व्या वाढदिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिला घेऊन बँकेत जा: आधार, पॅन, फोटो, जुने पासबुक. सगळ्यांत जास्त घोळ मोबाईल क्रमांकाचा होतो. आधारला आणि खात्याला नंबर अधीक्षकांचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा जोडलेला असतो. मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात आणि ओटीपी इकडे. मुलीचे स्वतःचे सिम काढून, आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन तो नंबर बदला. तो बालगृहात असतानाच बदलून झाला पाहिजे.

दोन खाती असतील तर आधार कुठल्या खात्याला जोडलेले आहे ते बँकेत विचारून खात्री करा. शिष्यवृत्तीसाठी कॉलेजने नवे खाते उघडायला लावले की जोडणी तिकडे जाते, अनुदानही तिकडेच जमा होते आणि मुलगी जुने पासबुक भरत बसते. आदेश निघाल्यापासून पहिली रक्कम जमा होईपर्यंत मध्ये महिने जाऊ शकतात, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चाची तजवीज देणगीतून किंवा संस्थेच्या निधीतून वेगळी ठेवा.

बालसंगोपन योजनेचे २,२५० रुपये १८ ला थांबतात. त्या योजनेवर नातेवाइकांकडे राहणारी मुले इथे बऱ्याचदा "आता पुढे?" विचारतात, म्हणून सांगून ठेवते.

पहिल्या मुलीसाठी अनाथ प्रमाणपत्र आजच सुरू करा. आई-वडील दोघेही हयात नसलेल्यांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे, आणि ते प्रमाणपत्रावर चालते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत विभागीय उपायुक्तांकडे जातो. बालगृहातला प्रवेशाचा मूळ आदेश, पालकांचे मृत्यूचे दाखले किंवा समितीचे आदेश, शाळेचा दाखला, सगळे तुमच्याच कपाटात आहे. मुलगी बाहेर पडल्यावर या प्रती मिळवायला तिला स्वतः खेटे घालावे लागतात. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा. एक संच मुलीकडे, एक नव्या निवासात, एक तुमच्या फाइलला. मूळ कागद मुलीचे, ते तिलाच द्यायचे, आणि दिल्याची पोच घ्यायची.

मतदार नोंदणीही करून घ्या. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या पात्रता तारखा आहेत, तुमच्या मुली १ जुलैला बसतात.

आभाळमाया_विशेष

दुसऱ्या मुलीबद्दल. अनुरक्षणाचा हिशेब "२१ पर्यंत पायावर उभी राहील" असा आहे. बौद्धिक अक्षमतेत तो बऱ्याचदा लागू पडत नाही. आधार कायमचा लागतो, फक्त तो कमी-जास्त होतो. अमरावती जिल्ह्यातल्या वज्झरच्या आश्रमातले शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, हेच वर्षानुवर्षे मांडत आले आहेत: दिव्यांग बेवारस मुलांनी १८ नंतर जायचे कुठे? तेव्हा तिच्यासाठी तीन वर्षांची जागा शोधू नका. पुढे कायम राहता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

आधी दिव्यांग ओळखपत्र. आजचे प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत कधी संपते पाहा आणि १८ च्या आत नूतनीकरण करा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांना लागू आहे, म्हणजे तिला लागू आहे. न्यासाचा निरामय आरोग्य विमा १ लाखापर्यंतचा, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. प्रौढांच्या निवासासाठी न्यासाची घरौंदा योजना (आता समर्थ-सह-घरौंदा) आहे, नोंदणीकृत संस्थांची यादी पाहा.

पालकत्वाबद्दल घाई नको. १८ नंतर कायदेशीर पालक नेमायचा अर्ज कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे होतो. पण सौम्य अक्षमतेत मुलगी बरेच निर्णय स्वतः घेऊ शकते. बँकेने "पालक आणा" म्हटले म्हणून तिचे सगळे अधिकार दुसऱ्याच्या हाती देणे बरोबर नाही. कशात मदत लागते तेवढेच नेमके लिहा. आईला भेटण्याचा दिवस आणि बसची सोयही आराखड्यात घाला. आई सांभाळू शकत नाही म्हणजे आई नको, असे होत नाही.

आणि पुढे कधी मानसिक आजाराची मुलगी तुमच्याकडे आली तर राष्ट्रीय न्यास लागू होत नाही. तिथे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चे कलम १८ पाहा. अर्धमार्ग गृह (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवास), निवारा निवास, आधारित निवास पुरवणे हे सरकारचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. कलम १९ सांगते की घर नाही किंवा कुटुंब घेत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. राहायला जागा नाही म्हणून ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीकडे बोट दाखवणारे असतात, त्यांना हे कलम दाखवा.

साक्ष_आणि_सोबत

तिसऱ्या मुलीसाठी ठिकाण ठरवताना पहिला प्रश्न अंतराचा. आरोपीच्या वस्तीपासून लांब हवे, पण साक्षीच्या दिवशी सकाळी निघून कोर्टात ११ ला पोचता येईल इतके जवळ. दोन्ही जमत नसेल तर लांबचे निवडा आणि साक्षीच्या आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आराखड्यात लिहा.

ती १८ ची झाली तरी खटला पॉक्सोखालीच चालतो. २०२० च्या नियमांप्रमाणे समितीने नेमलेली सहाय्यक व्यक्ती खटला संपेपर्यंत सोबत राहायला हवी. बालगृहाची केसवर्कर बदलली तरी ती व्यक्ती बदलू देऊ नका. समन्स बालगृहाच्या पत्त्यावर येत राहतात आणि फाइलला लागतात, मग मुलगी गैरहजर दिसते. म्हणून निवास बदलण्याआधी तपास अधिकारी आणि विशेष सरकारी वकिलांना संपर्काचे माध्यम लेखी कळवा. पत्ता गोपनीय ठेवायचा असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत संपर्क ठेवा. मनोधैर्य योजनेची (अत्याचारपीडितांना राज्य सरकारकडून मिळणारी) रक्कम मुदत ठेवीत असेल तर पावती कुणाकडे आहे, मुदत कधी पुरी होते आणि वारस कोण लावला आहे, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून लिहून घ्या.

संदर्भ पत्रात केसचा तपशील नको. "न्यायालयीन प्रकरण प्रलंबित, साक्षीच्या तारखांना रजा व सोबत लागेल, एकट्या पुरुष कर्मचाऱ्यासोबत प्रवास नको" एवढे नव्या घराला पुरे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार ओळख उघड करणे गुन्हा आहे. मुलीचा फोटो आणि नाव टाकून "कुणाकडे जागा आहे का" असे व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते, ते आजच थांबवा. जागा विचारताना वय, जिल्हा आणि गरज एवढेच सांगा.

तगर

सर्वांचे मनापासून आभार. एक राहिले. पहिलीला शासकीय वसतिगृह मिळाले तर अनुरक्षणाचा आदेश घ्यायचा की नाही? वसतिगृह म्हणजे निवास झालाच, असे कक्षात सांगतात.

सुरंगी

आदेश घ्याच. समाजकल्याणच्या वसतिगृहांत २ टक्के जागा अनाथांसाठी आहेत, जरूर अर्ज करा. पण वसतिगृह दिवाळीला आणि मे महिन्यात रिकामे करतात, मेस बंद होते. इतर मुली घरी जातात. हिने पिशवी घेऊन कुठे जायचे? याच पंधरा दिवसांत मुली ओळखीच्या-अनोळखी घरी राहायला जातात आणि तिथून पुढे बिनसते. आराखड्यात "सुट्टीचा पत्ता" असा वेगळा रकाना ठेवा. त्या घराशी किंवा गटनिवासाशी आधी बोलून, तारखा घालून, एक खाट नक्की करा. सप्टेंबर संपायच्या आत पुन्हा फोन करून विचारा, कारण दिवाळीच्या तोंडावर सगळीकडे जागा भरतात.

फोनचा क्रम असा ठेवा: पहिला आठवडा रोज, पहिला महिना आठवड्याला, मग वर्षभर महिन्याला, आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष भेट. पहिली नवलाई साधारण तेव्हा ओसरते, पैसे संपलेले असतात, आणि ती स्वतःहून फोन करत नाही.

जुना_परिवीक्षा_अधिकारी

वसतिगृह किंवा नोकरी मध्येच सुटली तर "तिने स्वतः सोडले" लिहून केस निकाली काढू नका. व्याख्येत वयाची अट आहे, एकदाच मिळेल अशी अट नाही. १९ व्या, २० व्या वर्षी पुन्हा समितीपुढे अर्ज ठेवता येतो. तो अर्ज कसा करायचा हे निघतानाच तिला एका कागदावर लिहून द्या: समितीच्या बैठकीचे वार, कार्यालयाचा पत्ता आणि तुमचा नंबर. पुढे नोकरीला लागून भाड्याची खोली घेईल तेव्हा करारनामा नोंदवूनच घ्यायला सांगा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रकमेचा आकडा त्या करारात लिहिलेला असला म्हणजे ती परत मागताना तिला कुणाची ओळख लागत नाही.